शिंपल्यातली प्रथिनं: खनिज कुठे वाढवायचं आणि कुठे थांबवायचं

तापीकाठ

बोअरच्या पाण्याची बादली वाळली की कडेला पांढरा थर धरतो. विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत तिरक्या कडांचा पारदर्शक दगड निघतो, तो कॅल्साइट. आणि जळगावच्या सराफ बाजारात नथीत ओवलेला मोती. तिन्हींत मुख्य पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. मोत्यात तो साधारण ९५ टक्के असतो. उरलेल्या थोड्याशा भागात प्रथिनं आणि कायटिन (खेकड्याच्या कवचात असतो तो चिवट पदार्थ). मला या धाग्यात त्या उरलेल्या भागाबद्दल लिहायचं आहे, कारण बादलीवरचा थर आणि मोती यांच्यातला सगळा फरक तिथून येतो.

मोत्याचं कालव म्हणजे पिंक्टाडा वंशाचा द्विपुट प्राणी. सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो पिंक्टाडा फुकाटाचा. जपानी लोक त्याला अकोया म्हणतात, आपल्याकडे तो मन्नारच्या आखातात मिळतो. त्याचा शिंपला आडवा चिरला तर तीन थर दिसतात. बाहेर तपकिरी सेंद्रिय पापुद्रा, त्याखाली उभ्या स्तंभाकार स्फटिकांचा थर आणि सर्वांत आत चकचकीत मोतिया थर, ज्याला नेकर म्हणतात. मधला थर कॅल्साइटचा, आतला अ‍ॅरागोनाइटचा. दोन्हींत अणू तेच, मांडणी वेगळी. अ‍ॅरागोनाइटची घनता सुमारे २.९४, कॅल्साइटची २.७१. नेहमीच्या तापमानाला कॅल्साइट जास्त स्थिर, त्यामुळे मोकळं सोडलं तर अ‍ॅरागोनाइट हळूहळू कॅल्साइट होऊ पाहतं.

आता विचार करा. एकाच प्राण्यानं, एकाच पाण्यातून, एकमेकांना लागून दोन वेगळी खनिजं बनवली. हा निर्णय प्रावारात होतो. प्रावार म्हणजे शिंपल्याला आतून लागून असलेली मऊ, पातळ झालर. तिच्या काठाकडच्या पेशी प्रथिनांचा एक संच सोडतात, आतल्या भागातल्या पेशी दुसरा. काठावर अ‍ॅस्पीन, प्रिझमॅलिन-१४, एमएसआय-३१ यांची जनुकं चालू असतात आणि तिथे कॅल्साइट तयार होतं. आतल्या भागात पिफ, एमएसआय-६०, एन-१६ चालू असतात आणि तिथे अ‍ॅरागोनाइट. नॅक्रीन नावाचं प्रथिन दोन्हीकडे सापडतं.

नॅक्रीनचं काम समजायला सोपं आहे. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. त्याच्या रेणूत कार्बोनिक अनहायड्रेज या विकराचा (एन्झाइमचा) भाग आहे. आपल्या रक्तातल्या लाल पेशींतही हे विकर असतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट करण्याची क्रिया ते कितीतरी पटींनी वेगवान करतं. म्हणजे कॅल्शियमला जोडीदार पुरवायचं काम. पण पुढे असंही दिसलं की द्रावणात मोकळं असलेलं नॅक्रीन स्फटिकाची वाढ रोखतं. पुरवठाही करायचा आणि रोखायचंही, हे वरवर उलटं वाटतं. माझ्या मते शिंपल्याची सगळी गोष्ट याच उलटेपणात आहे.

नेकरमध्ये अ‍ॅरागोनाइटची चपटी पटलं असतात. जाडी साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रुंदी पाच ते दहा मायक्रॉन. भिंतीतल्या विटांसारखे सांधे चुकवून ती एकावर एक बसतात आणि प्रत्येक दोन थरांमध्ये काही दशांश नव्हे, मायक्रॉनच्या काही शतांश जाडीचा सेंद्रिय पडदा असतो. त्या पडद्याचा कणा कायटिनचा, त्यावर रेशमासारखी प्रथिनं. एमएसआय-६० मध्ये अ‍ॅलानिन आणि ग्लायसिन या अमिनो आम्लांचे सलग पट्टे आहेत, रेशीम आणि कोळ्याच्या जाळ्यात असतात तसेच. आधी हा पडदा मांडला जातो आणि खनिज त्याच्या हिशोबानं वाढतं.

पडदा आणि खनिज यांना जोडणारा दुवा २००९ साली टोकियो विद्यापीठाच्या मिचिओ सुझुकी, हिरोमिची नागासावा आणि सहकाऱ्यांनी दाखवला. त्याचं नाव पिफ. एकच लांब प्रथिन तयार होतं आणि मग त्याचे दोन तुकडे होतात, पिफ-९७ आणि पिफ-८०. पिफ-९७ मध्ये कायटिनला धरणारा भाग आहे. पिफ-८० अत्यंत आम्लधर्मी आहे आणि ते अ‍ॅरागोनाइटला धरतं. एक हात पडद्याला, एक हात खनिजाला.

इथे थांबते. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी जरूर विचारा. विशेषतः जमिनीतल्या खनिजांचा अभ्यास असलेल्यांनी.

---

रावेरकर

ताई, फार चांगला विषय काढला. मी केळी उत्पादक. ठिबकच्या नळीत जे क्षार धरतात तेही हेच का? आमच्याकडे दर हंगामात ड्रीपर बंद पडतात, मग ॲसिड सोडावं लागतं. पाणी तेच, नळी तीच, आणि काही ठिकाणी थर धरतो तर काही ठिकाणी अजिबात नाही. शिंपल्यात जे नियंत्रण तुम्ही सांगता ते ठिबकमध्ये आणता येईल का, हा माझा सरळ प्रश्न.

---

तापीकाठ

रावेरकर भाऊ, ठिबकमधले क्षार बहुतांशी हेच, कॅल्शियम कार्बोनेट. ऊन लागून पाणी तापलं, ड्रीपरच्या तोंडाशी वाळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट खाली बसतं. ॲसिडनं ते विरघळतं म्हणून ड्रीपर मोकळा होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर चक्क शिंपल्याच्या संशोधनाला जाऊन भिडतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९७५ मध्ये स्टीव्ह वाइनर आणि लेरॉय हूड यांनी शिंपल्यातली पाण्यात विरघळणारी प्रथिनं तपासली. त्यात अ‍ॅस्पार्टिक आम्ल भरपूर होतं. या अमिनो आम्लाला ऋण भाराचा कार्बोक्झिल गट असतो आणि तो कॅल्शियमच्या धन आयनाला ओढतो. त्यांची कल्पना अशी की ठरावीक अंतरावर मांडलेले हे गट कॅल्शियमला ठरावीक जागी बसवत असतील आणि तिथून स्फटिक सुरू होत असेल. पिंक्टाडा फुकाटातलं अ‍ॅस्पीन घ्या. २००४ मध्ये ते सापडलं, त्यात जवळपास ६० टक्के अ‍ॅस्पार्टिक आम्लच आहे. माहीत असलेल्या प्रथिनांत इतकं आम्लधर्मी प्रथिन विरळा.

पण अशा प्रथिनाचं द्रावण करून कॅल्शियम कार्बोनेटमध्ये टाकलं तर काय होतं? स्फटिक वाढायचाच थांबतो. प्रथिन वाढत्या स्फटिकाच्या पायऱ्यांना चिकटतं आणि पुढच्या आयनांची जागा अडवतं. तेच प्रथिन एखाद्या पृष्ठभागावर घट्ट बसवलं तर मात्र तिथे कॅल्शियम गोळा होतं आणि स्फटिक सुरू होतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत लिया अदादी आणि वाइनर यांनी १९८० च्या दशकात हा विषय लावून धरला. मोकळं असेल तर रोखतं, बांधलेलं असेल तर सुरू करतं. कालवाच्या प्रावाराखालच्या द्रवात मोकळी प्रथिनं नको तिथे दाणे पडू देत नाहीत, आणि कायटिनच्या पडद्यावर बांधलेली प्रथिनं हव्या त्या जागी दाणा पाडतात. नॅक्रीनचा उलटेपणा मी वर लिहिला तो यातच बसतो.

आता ठिबक. पॉलीअस्पार्टेट नावाचा पदार्थ आहे, अ‍ॅस्पार्टिक आम्लाची लांब साखळी. तो मोकळ्या स्वरूपात पाण्यात सोडला की क्षार धरायला अडथळा करतो, आणि मातीत जिवाणू त्याचं विघटन करतात. बॉयलर, शीतकरण मनोरे, आरओ यांसाठी तो क्षाररोधक म्हणून विकला जातोच. म्हणजे शिंपल्यानं केलेल्या दोन कामांपैकी रोखण्याचं काम माणसानं उचललं आहे. केळीच्या बागेत तो परवडेल की नाही हे तुमच्या पाण्याच्या कठीणपणावर आणि दरावर ठरेल. आधी पाणी तपासून घ्या. आणि आधीच घट्ट धरलेला थर काढायला ॲसिडच लागेल, कारण क्षाररोधकाचं काम नवा थर धरू न देण्याचं आहे.

---

गारगोटी

मी दगड गोळा करतो. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींमधले अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट आणि कॅल्साइट जगभरच्या संग्राहकांकडे पोचलेत. या खनिजांना कुणी प्रथिन पुरवलं नाही, तरी त्यांचे स्फटिक अप्रतिम असतात. म्हणून मला एक शंका आहे.

समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असतं, रेणूंच्या हिशोबात कॅल्शियमच्या पाचपट. मॅग्नेशियम कॅल्साइटची वाढ दाबून ठेवतं आणि अ‍ॅरागोनाइटला वाट देतं. हे निर्जीव रसायनातही होतं. गरम पाण्याच्या किटलीतही अ‍ॅरागोनाइट मिळतं. मग नेकरचं श्रेय प्रथिनांना द्यायचं की समुद्राला?

---

तापीकाठ

गारगोटी दादा, ही शंका संशोधकांनीही गंभीरपणे घेतली. मॅग्नेशियमचा परिणाम खरा आहे. पण दोन गोष्टी पाहा.

पहिली, त्याच समुद्रात तोच प्राणी बाहेरच्या स्तंभाकार थरात कॅल्साइट करतो. मॅग्नेशियम एकटं ठरवत असतं तर तो थर झालाच नसता.

दुसरी गोष्ट आपल्या दारातली आहे. आपल्याकडच्या नद्या-तलावांत लॅमेलिडेन्स जातीचे शिंपले मिळतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचं प्रमाण समुद्रासारखं नसतंच. तरी या शिंपल्यांचं नेकर अ‍ॅरागोनाइटचं असतं. इतकंच काय, गोड्या पाण्यातल्या या कुळात बाहेरचा स्तंभाकार थरसुद्धा अ‍ॅरागोनाइटचाच असतो. म्हणजे जिथे पाण्याची काहीच मदत नाही तिथे हा प्राणी संपूर्ण शिंपला कमी स्थिर खनिजाचा बांधतो. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठी रिकामा शिंपला मिळाला तर तो हातात घेऊन बघा. आतली चमक हा या वादातला भक्कम पुरावा आहे असं मी मानते.

आणि थेट प्रयोगही आहे. १९९६ मध्ये फालिनी, अल्बेक, वाइनर आणि अदादी यांनी कायटिन आणि रेशीम यांचा साचा केला. त्यावर अ‍ॅरागोनाइटच्या थरातून काढलेली विद्राव्य प्रथिनं बसवली तर अ‍ॅरागोनाइट उगवलं, कॅल्साइटच्या थरातली बसवली तर कॅल्साइट. साचा तोच, द्रावण तेच, प्रथिनं बदलली. मला हा प्रयोग वाचून फार आनंद झाला होता. इतका साधा प्रश्न आणि इतकं स्वच्छ उत्तर रोज मिळत नाही.

---

मीनल_धुळे

ताई, पण त्याच वर्षी अँजेला बेल्चर आणि डॅनियल मोर्स यांच्या कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या गटानं अबॅलोनी या समुद्री गोगलगायीच्या प्रथिनांवर काम प्रसिद्ध केलं ना? त्यांचं म्हणणं होतं की विद्राव्य आम्लधर्मी प्रथिनं पुरेशी आहेत, त्यांच्या जोरावर कॅल्साइटवरून अ‍ॅरागोनाइटवर बदल घडतो. म्हणजे साचा हवाच का, याबद्दल मतभेद होते. आम्हाला एमएस्सीला दोन्ही निबंध समोरासमोर ठेवून वाचायला दिले होते.

पिफच्या प्रयोगाबद्दलही लिहिते, कारण मला ती पद्धत आवडते. एखादं प्रथिन खनिजावर सापडलं म्हणून त्याचं काम सिद्ध होत नाही. ते अडकून पडलेलंही असू शकतं. सुझुकी यांच्या गटानं कालवाच्या अंगात पिफच्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए टोचला. पेशी तो ओळखतात आणि त्या जनुकाचा संदेशच तोडून टाकतात. पिफ कमी झालं आणि नेकरच्या वाढत्या पृष्ठभागाची नीट मांडणी बिघडली. प्राणी जिवंत, पाणी तेच, बाकीची प्रथिनं जागेवर, फक्त एक कमी. एखादं प्रथिन नक्की काय करतं हे विचारायचा हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. त्याच गटानं पिफचा समूह कायटिनवर बसवून बाहेर काचेच्या भांड्यातही अ‍ॅरागोनाइट वाढवून पाहिलं.

२०१२ मध्ये पिंक्टाडा फुकाटाचा जीनोमही (संपूर्ण जनुकसंच) जपानमधून प्रसिद्ध झाला. त्यानंतर शिंपल्याच्या प्रथिनांची यादी इतकी वाढली आहे की एकेकाचं काम शोधायला पिढ्या लागतील.

---

तापीकाठ

मीनल, अगदी नेमकं लिहिलंस. बेल्चर यांच्या प्रयोगात सुरुवातीला कॅल्साइटचा थर होता आणि प्रथिनं टाकल्यावर त्यावर अ‍ॅरागोनाइट वाढलं. मला वाटतं दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. खनिजाचा प्रकार बदलायला विद्राव्य प्रथिनं पुरतील. पण पटलं एकाच जाडीची, एकाच दिशेला तोंड करून, थरावर थर बसवायची तर पडदा हवा. मोत्याला मोती करणारी गोष्ट ही मांडणी आहे.

---

गारगोटी

पटलं. गोड्या पाण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि तो निर्णायक आहे.

आणखी एक विचारतो. प्रत्येक पडद्यावर नवा स्फटिक नव्यानं सुरू होत असेल तर वरच्या-खालच्या पटलांची दिशा जुळायचं कारण नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली एका चळतीतली पटलं एकाच दिशेची दिसतात असं वाचलं होतं.

---

तापीकाठ

बरोबर वाचलंत. सांता बार्बराच्याच गटानं १९९७ मध्ये अबॅलोनीत दाखवलं की पडद्याला बारीक छिद्रं असतात. खालचं पटल त्या छिद्रातून वर येतं आणि वरचं पटल म्हणून पसरतं. यांना खनिज पूल म्हणतात. म्हणजे प्रत्येक मजल्यावर नवी सुरुवात लागत नाही. पडद्याचं काम मग जाडीवर मर्यादा घालण्याचं आणि बाजूला पसरायला लावण्याचं राहतं. हे पुन्हा रोखण्याचंच काम झालं.

एक भर. स्फटिक तयार व्हायच्या आधी कॅल्शियम कार्बोनेट बऱ्याचदा आकारहीन, बिनमांडणीच्या अवस्थेत साठतं. २००५ मध्ये नेकरच्या पटलांभोवती अशा आकारहीन कार्बोनेटचं बारीक वेष्टण सापडलं. म्हणजे प्राणी आयन एकेक करून रचत बसत नाही. कच्चा माल आधी जागेवर आणतो आणि मग प्रथिनांच्या सान्निध्यात त्याची मांडणी होते. हा भाग अजून उलगडतो आहे.

---

सराफकट्टा

आमचा पिढीजात मोत्यांचा व्यवहार. वाचून खूप उलगडलं, त्यात भर घालतो.

खरा मोती दाताच्या कडेवर हलका घासला तर खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत. वडिलांनी शिकवलेली ही परीक्षा. ती खरखर म्हणजे तुमच्या अर्ध्या मायक्रॉनच्या पटलांच्या कडा. पण लक्षात ठेवा, संवर्धित (माणसानं शिंपल्यात पिकवलेला) मोतीही खरखरीतच लागतो, कारण वरचं नेकर खरंच असतं. नैसर्गिक बसरा मोती आणि संवर्धित मोती यांतला फरक एक्स-रे काढला की कळतो, मणी घालून पिकवलेल्या मोत्यात गोल मणी दिसतो.

जपानचे व्यापारी अकोया मोती हिवाळ्यात काढतात. थंडीत पाणी, म्हणजे मोत्याची चमक, चांगलं चढतं असं म्हणतात. याचं कारण सांगाल का? आणि चिनी गोड्या पाण्याच्या मोत्यांच्या लॉटमध्ये काही दाणे अगदी निस्तेज निघतात. पॉलिश केलं तरी पाणी येत नाही.

---

तापीकाठ

सराफदादा, हिवाळ्यात प्रावाराच्या पेशींचं काम मंदावतं आणि पटलं पातळ, एकसारखी बसतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पटलाची जाडी याच मापाची असल्यानं वेगवेगळ्या थरांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि मोत्यावर रंगांची झाक येते. पटलं जितकी एकसारखी तितकं पाणी स्वच्छ. ०.४ मिलिमीटर नेकर चढलेल्या मोत्यात सुमारे हजार थर येतात, म्हणजे प्रथिनांनी हजार वेळा वाढ योग्य जागी आवरली.

निस्तेज दाण्यांचं कारण खनिजातच आहे. कॅल्शियम कार्बोनेटचा तिसरा प्रकार वॅटेराइट. तिन्हींत सर्वांत अस्थिर. गोड्या पाण्यातल्या निस्तेज संवर्धित मोत्यांत संशोधकांना वॅटेराइट सापडलं आहे. आतली मांडणीच वेगळी असेल तर पॉलिशनं काही होणार नाही.

गिऱ्हाइकांना एक जरूर सांगा. मोत्याला लिंबू, व्हिनेगर, घाम, अत्तर चालत नाही. आम्लानं कार्बोनेट विरघळतं. आणि फार कोरड्या जागी वर्षानुवर्षं बंद ठेवला तर मधल्या पडद्यातलं पाणी उडून तडे जातात. नथ वापरून झाली की मऊ ओल्या फडक्यानं पुसून ठेवावी.

---

शेततळं_नंदुरबार

भाऊ-ताई, भलतं चांगलं लिखं शे. मना एक सवाल शे. आमच्याकडे मोतीशेतीच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती फार येतात. शेततळ्यात मोती पिकवा, माल आम्ही परत घेऊ, वर्षात पैसे दुप्पट. माझ्या मेहुण्यानं पैसे भरले, शिंपले दिले गेले, त्यातले बहुतेक मेले आणि परत घेणारा फोन उचलत नाही. ही शेती खरी आहे की नाही?

---

मत्स्य_धुळे

शेती खरी आहे. मत्स्यशास्त्र शिकलोय म्हणून सांगतो.

आधी एक स्पष्ट करू. या धाग्यातलं मोत्याचं कालव, पिंक्टाडा, समुद्राचं आहे. शेततळ्यात ते जगणार नाही. भारतात त्याचा संवर्धित मोती १९७३ मध्ये तुतीकोरीनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत के. अलगरस्वामी यांनी मिळवला. शेततळ्यासाठी लॅमेलिडेन्ससारखे गोड्या पाण्याचे शिंपले आणि त्याचं तंत्र भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेच्या केंद्रीय संस्थेनं विकसित केलं. प्रशिक्षण घ्यायचं तर तिथल्यासारख्या सरकारी संस्थेत घ्या.

मणी आत बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर शिंपले काही दिवस स्वतंत्र टाकीत सांभाळावे लागतात. मग जाळीच्या पिशव्यांत टांगून वर्ष-दीड वर्ष. या काळात पाण्यात शेवाळ हवं, कारण तेच त्यांचं अन्न. कॅल्शियम हवं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो आणि तळं आटतं, तिथे मोठी मर होते. नंदुरबारला एप्रिल-मेमध्ये पाण्याची खोली टिकत नसेल तर या धंद्यात पडू नका. आणि माल परत घेण्याच्या तोंडी हमीवर एक रुपयाही देऊ नका. मेहुण्यांकडे पावत्या असतील तर पोलिसांत आणि ग्राहक आयोगात तक्रार करावी.

---

तापीकाठ

मत्स्य_धुळे यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. फक्त प्रथिनांच्या बाजूनं एक जोडते, कारण प्रशिक्षणात हे सहसा सांगितलं जात नाही.

मणी आत घातला म्हणून मोती होत नाही. मण्याबरोबर दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा छोटा तुकडा ठेवावा लागतो. त्या तुकड्यातल्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी करतात आणि नेकरची प्रथिनं ती पिशवी सोडते. कालवांवरच्या अभ्यासात या पिशवीत दात्याची जनुकं काम करत असल्याचं दिसलं आहे. म्हणून ज्या शिंपल्यातून तुकडा घ्यायचा त्याच्या आतली चमक बघून निवड करावी. तुकडा प्रावाराच्या कोणत्या पट्ट्यातून कापला यालाही महत्त्व आहे, कारण काठाच्या पेशी आणि आतल्या पेशी वेगळी प्रथिनं करतात. गणपतीच्या आकाराचे मोती मात्र वेगळ्या पद्धतीचे. तिथे साचा शिंपला आणि प्रावार यांच्या मध्ये सरकवतात आणि त्या शिंपल्याचं स्वतःचं प्रावारच त्यावर नेकर चढवतं.

---

चाळीसगावकर

आमच्या तालुक्यातला एक धागा इथे जोडावासा वाटतो. पाटणे गावी १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात तेव्हा शहामृग होते. अंड्याचं कवचही कॅल्शियम कार्बोनेटच ना? त्यातही अशी प्रथिनं असतात का?

---

तापीकाठ

चाळीसगावकर, किती छान आठवण काढलीत! हो, पक्ष्यांच्या अंड्याचं कवच कॅल्साइटचं असतं आणि त्यातही प्रथिनं वाढीचं नियंत्रण करतात. शहामृगात स्ट्रुथिओकॅल्सिन नावाची प्रथिनं आहेत. २०१६ मध्ये बिआत्रिचे डेमार्की आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या लाएटोली इथल्या ३८ लाख वर्षं जुन्या शहामृगाच्या कवचातून या प्रथिनाचा तुकडा ओळखला. उष्ण प्रदेशात इतकं जुनं प्रथिन टिकणं अशक्य मानलं जात होतं. टिकला तो नेमका खनिजाला घट्ट धरणारा तुकडा, अ‍ॅस्पार्टिक आम्लानं भरलेला. बाकीचं प्रथिन नष्ट झालं. पिफ-८० खनिजाला धरतं, अ‍ॅस्पीन धरतं, पॉलीअस्पार्टेट ठिबकमध्ये धरतं, त्याच प्रकारची पकड इथे लाखो वर्षं टिकली.

---

मीनल_धुळे

ताई, मला वर्गातल्या मुलांना हे दाखवायचं आहे. मेइगेनची चाचणी, म्हणजे ही दोन खनिजं रंगावरून ओळखायची चाचणी, करायचा विचार आहे. खाणीतलं कॅल्साइट, नदीचा शिंपला आणि कोकणातून आणलेलं खाण्याच्या कालवाचं कवच, असे तीन नमुने. काही सूचना?

---

तापीकाठ

नमुने उत्तम निवडलेस. खाण्याच्या कालवाचं कवच जवळजवळ सगळं कॅल्साइटचं असतं, त्यामुळे तुलना चांगली होईल. प्रत्येकाची बारीक भुकटी कोबाल्ट नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटं उकळ. अ‍ॅरागोनाइट जांभळट होतं, कॅल्साइट पांढरं राहतं. फार वेळ उकळू नकोस, मग कॅल्साइटही निळसर पडतं. नदीच्या शिंपल्याचा आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा खरवडून दोन परीक्षानळ्यांत घे. दोन्ही जांभळ्या झाल्या की गारगोटी दादांच्या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या डोळ्यांसमोर येईल. कोबाल्ट विषारी आहे, हातमोजे घालायचे, द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत जमा करायचं.

शिंपल्याचा दुसरा तुकडा अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेव. सकाळी खनिज गेलेलं असेल आणि तळाशी पातळ, लवचीक पापुद्रे उरतील. तेच कायटिन आणि रेशमासारखी प्रथिनं. मुलांना चिमट्यानं उचलून बघू दे.

नमुन्यासाठी काठावरचे रिकामे शिंपलेच घे. जिवंत शिंपले पाणी गाळून स्वच्छ ठेवतात, आणि त्यांच्या पिल्लांना सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढावं लागतं, त्यामुळे एकदा कमी झाले की लवकर परत येत नाहीत. पांझरेत पाणी ओसरलं की गाळात पुरेसे रिकामे मिळतील.